मुंबईला गेलेली वार

मागच्या दिवाळीत माझी नात आली होती. परदेशात कुठल्याशा प्रयोगशाळेत काम करते. ओट्यावर बसून शेंगा फोडता फोडता मी तिला म्हटलं, बाई गं, तू तिथं दिवसभर करतेस तरी काय? ती म्हणाली, "आजी, कॅन्सरच्या पेशींवर आम्ही एक प्रोटीन घालून बघतो. माणसाच्या वारेतलं."

शेंग माझ्या हातात तशीच राहिली. "माणसाच्या म्हणजे कुणाच्या?"

ती हसली. "कुणाच्याच नाही गं. ते बनवायची कृती माणसाकडून घेऊन जंतूंमध्ये घालतात, मग जंतूच ते तयार करतात. बाटलीत भरून विकत मिळतं."

म्हातारीला काही कळलं नाही असं वाटून ती आणखी सोपं करून सांगायला लागली. मी म्हटलं, पुरे, कळलं. आणि आत जाऊन चहा टाकला. मला सगळं कळलं होतं. माझ्या वेळी ते जंतूंकडून येत नव्हतं, बायकांकडून यायचं, आणि ते गोळा करून धाडणारी मी होते.

माझी आई भाजे गावची सुईण. गावातल्या शेतकऱ्यांच्या घरी आणि वर डोंगरातल्या वाडीवर, दोन्हीकडं तिलाच बोलावणं यायचं. वाडीवरच्या माणसांना गावात कुणी ओट्यावर बस म्हणत नसे, पण आई त्यांच्या खोपटात मांडी घालून चहा प्यायची आणि घरी येऊन कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "तुजं डोकं मीच आधी बघितलंय. गप ऱ्हा." आणि ते खरंच असायचं.

बाळ झालं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडं जातं. आईचं लक्ष बाळामागून पडणाऱ्या वारेकडं असायचं. वार पडेपर्यंत ती बाळंतिणीजवळून हलायची नाही. पडली की दोन्ही तळहातांवर घेऊन उलटीसुलटी करून बघायची, कुठं तुकडा कमी नाही ना. मग हात थोडा खालीवर करून जोखायची आणि म्हणायची, "पुरी हाय." एवढं ऐकलं की घरातली म्हातारी माणसं सुस्कारा सोडायची. वार मागं राहिली की बाई जाते, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत होतं.

त्यानंतरचं काम ती कुणाला करू द्यायची नाही. कुंभाराकडचं नवं गाडगं, त्यात मूठभर मीठ, हळदकुंकू, एक सुपारी, मग वार, वर फडकं बांधायचं. न्हाणीच्या मागं कोपरभर खड्डा करून त्यात ठेवायचं आणि कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड. हे झालं की अंघोळ, आणि मगच तोंडात घास. का गं एवढं, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "त्यानं पोर जागंचं व्हतंय. कुटं बी गेलं तरी परत येतंय."

माझी वार आमच्या परसात शेवग्याखाली पुरलेली. लहानपणी मी रुसून घरातून निघाले की जायची कुठं, तर त्या शेवग्याखाली. आई हाक मारायची नाही. दुपार कलली की पाण्याचा तांब्या घेऊन यायची आणि शेजारी टेकायची.

मी शिकले, पुण्याला जाऊन नर्स झाले, आणि लोणावळ्यात एका खाजगी प्रसूतिगृहात लागले. आमचे हे रेल्वेत होते, तुंगार्लीच्या वाटेवर दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. प्रसूतिगृह लहानसं, आठ खाटांचं. एक डॉक्टरीणबाई, मी, आणि एक आया. आयेला सगळे मावशी म्हणत. तोपर्यंत मावळातल्या पुष्कळ बायका अडल्यानडल्या की दवाखान्यात यायला लागल्या होत्या. आईला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट अवघड बाई दिसली की ती स्वतःच बैलगाडी जुंपायला लावून माझ्याकडं पाठवायची. फक्त दर वेळी एक निरोप असायचा: वार घरच्यांच्या हातात द्यायची. मी द्यायची. सासू नाहीतर आई बाहेर गाडगं घेऊन बसलेलीच असायची.

सत्तर सालानंतर कधीतरी मुंबईचे एक साहेब आले. साहेब कसले, तिशीचा पोरगाच तो, चष्मा सारखा नाकावरून खाली यायचा. कॅन्सरवर संशोधन करायचा. त्यानं डॉक्टरीणबाईंना आणि मला बसवून समजावलं. वारेत एक प्रोटीन असतं. गरोदर बाई सोडली तर धडधाकट माणसाच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच. पण कॅन्सर झालेल्या काही माणसांच्या रक्तात मात्र ते सापडतं, बाई असो नाहीतर बाप्या. रक्त तापवलं तर त्यातली इतर तसली प्रोटीनं मरतात, हे तेवढं टिकून राहतं. त्याला ते वारेतून वेगळं काढून नीट ओळखून घ्यायचं होतं. त्यासाठी वार हवी होती, ताजी, बर्फात ठेवलेली, जितकी मिळेल तितकी.

"पण बायकांना विचारून घ्या हं, सिस्टर," तो म्हणाला होता. हे मी त्याच्या बाजूनं आधीच सांगून ठेवते. तो म्हणाला होता.

आतून जस्ताचा पत्रा मारलेली एक लाकडी पेटी त्यानं दिली. बाजारातल्या बर्फवाल्याकडून लादी आणायची, फोडायची, भुशात बसवायची, वार डब्यात घालून मध्ये ठेवायची आणि दुपारच्या पॅसेंजरला गार्डच्या डब्यात चढवायची. दादरला त्याचा माणूस उतरवून घ्यायचा. प्रत्येक डब्यावर मी चिठ्ठी चिकटवायची. नाव लिहायचं नव्हतं. गाव आणि बाळ झाल्याची वेळ, बस. कार्ला. देवले. पाटण. औंढे.

पहिल्या पंधरवड्यात मी खरंच विचारलं. एकीनं पदर तोंडावर ओढला. एकीची सासू म्हणाली, "आमची वार मुंबईत कशाला मरायला जाईल?" एकीचा नवरा तर भांडायलाच उठला. पेटी दोनदा रिकामी गेली. मी जात्याच फटकळ, मला राग आला. म्हटलं, एवढा मोठा आजार, एवढा शिकलेला माणूस धडपडतोय, आणि ह्यांना आपल्या परसातल्या दगडाचं पडलंय. मग मी विचारणं बंद केलं. कुणी मागायला आलं तर सांगायचं, इथं मागच्या आवारात पुरली, सरकारी नियम आहे. सरकारी म्हटलं की माणसं गप्प बसतात. मावशीला मी बजावून ठेवलं, वार पडली, बघून झाली, की तडक डब्यात, डबा पेटीत. कुणाला विचारायचं नाही, माझीसुद्धा वाट बघायची नाही.

मावशी जरा घुटमळली. "ताई, पाप तर न्हाई ना लागायचं?"

"पाप लागलं तर मला लागेल," मी म्हटलं. बोलताना काय लागतं.

आईच्या गावच्या बायकांना तेवढं मी वगळायची. भाज्याची कुणी आली की वार गाडग्यात घालून द्यायची, म्हणजे आईच्या कानावर काही जायला नको. लबाडी करणाऱ्याला सगळं नीट आखता येतं.

त्या पावसाळ्यात आईचं पोट वाढायला लागलं. हातपाय काटकुळे आणि पोट पुढं. गावातल्या बायका चेष्टा करायच्या, सुईणबाई, या वयात दिवस गेले काय. आईही हसायची. पण मी भाज्याला गेले तेव्हा तिनं मला आत नेलं, माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला, आणि म्हणाली, "पोर न्हाई हे. पोर हालतंय. ह्ये नुसतं बसलंय."

तिला पुण्याला नेलं. मोठ्या दवाखान्यात पोटातलं पाणी काढलं, तपासलं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. अंडाशयाचा कॅन्सर, पसरलेला. ऑपरेशन करून उपयोग नाही. मी नर्स, मला दोनदा सांगावं लागलं नाही. गंमत बघा, मला तेव्हा तिसरा महिना होता. लग्नाला आठ वर्षं झाली होती, दोनदा पडून गेलं होतं, आणि हे टिकलं होतं. आईच्या पोटात ते आणि माझ्या पोटात हे. साहेबाच्या म्हणण्याप्रमाणे बघितलं तर वारेतलं ते प्रोटीन त्या दिवसांत माझ्या रक्तात नक्कीच होतं. आणि कदाचित तिच्याही.

आईला मी खोटं सांगितलं नाही, खरंही सांगितलं नाही. तिनंच ओळखलं. शटलनं परत येताना तळेगाव मागं टाकल्यावर म्हणाली, "तुजं कवा हाय?"

"मार्गशीर्षात."

तिनं बोटांवर मोजलं. "तवर मी ऱ्हाते. तुज्या पोराची वार मला पुरायचीय, शेवग्याखाली, तुज्याशेजारी. येवढं करून जाते. दुसरं काय बी नको मला."

तिनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, लुगडंसुद्धा नाही. मी खिडकीकडं तोंड केलं.

साहेब पुढच्या वेळी पेटी बघायला आला तेव्हा मी त्याला धरलं. म्हटलं, माझ्या आईला हे झालंय, तुमचं औषध कधी निघणार? त्यानं चष्मा काढून पुसला. "सिस्टर, हे औषध नाही. मी आधीच सांगितलं होतं. ही फक्त खूण आहे. रोग आहे का, वाढतोय का, एवढं पुढंमागं कळेल." मी मान हलवली. ऐकलं, पण आत जाऊ दिलं नाही. माणूस हुशार आहे, आज खूण सापडली तर उद्या औषध सापडेल, असं मी मनाशी धरून बसले आणि दुप्पट जोमानं पेट्या भरायला लागले. एवढ्या वारांतून एखादीतून तरी माझ्या आईपुरतं काही निघेल. असा हिशोब शिकलेली बाई करते, हे मला आज लिहिताना लाजिरवाणं वाटतं. त्यानं आईचं रक्तही तपासायला मागितलं. मी भाज्याला जाऊन काढून आणलं. आईनं हात पुढं केला आणि कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. लेकीनं सुई टोचली म्हणजे बऱ्यासाठीच असणार.

मार्गशीर्षात सकाळी सकाळी मला कळा सुरू झाल्या. ह्यांनी मळवलीकडं, म्हणजे भाज्याच्या स्टेशनाकडं, जाणाऱ्या शटलच्या गार्डाकडून निरोप धाडला. दुपारपर्यंत आई आली. माझा भाऊ तिला पाठीला हात लावून चालवत होता. टेकली तेव्हा तिच्या मांडीवर, म्हणजे त्या पोटाच्या पुढं जेवढी मांडी उरली होती तिच्यावर, नवं गाडगं. प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात बाकावर ती गाडगं धरून बसली. आत मी ओरडत होते आणि ती बाहेरून सांगत होती, "दम धर बाय. दम धर." इतक्या बायकांना तिनं ते सांगितलं होतं, पण मला पहिल्यांदाच.

मुलगी झाली. पुष्कळ रक्त गेलं, मला ग्लानी आली. डॉक्टरीणबाई माझ्यात गुंतल्या होत्या, मावशी बाळात आणि वारेत. शुद्ध आली तेव्हा बाळ कुशीत होतं, बाहेर उन्हं उतरली होती, आणि दारात आई उभी होती. तिनं नातीचं डोकं हुंगलं. मग म्हणाली, "वार दे बाय. अंधाराच्या आत पुरली पायजे."

मी मावशीकडं बघितलं. मावशी माझ्याकडं बघत राहिली, आणि तिचा चेहरा उतरत गेला. तिनं माझंच ऐकलं होतं; माझी तेवढी बाजूला ठेव, हे सांगायचं मी कळांच्या गडबडीत विसरले होते. पडली, बघून झाली, तडक डब्यात, डबा पेटीत. पॅसेंजर दीडेक तासापूर्वी गेली होती. एव्हाना पेटी घाट उतरून पार कल्याणच्या पुढं गेलेली.

त्याच वेळी खरं सांगायला हवं होतं. आई चिडली असती, रडली असती, काय व्हायचं ते झालं असतं. पण ती दारात कशी उभी होती, ते तुम्ही बघितलं असतं म्हणजे कळलं असतं. चौकटीला धरून, वाकून, आणि गाडग्यात मीठ, हळद, कुंकू, सुपारी सगळं घालून तयार. मी म्हटलं, "मावशी, आईचं गाडगं घ्या आणि आतून भरून आणा." आणि डोळ्यांनी खुणावलं.

मावशीनं आत जाऊन कापूस आणि पट्ट्या पाण्यात भिजवल्या, खाली पडलेल्या रक्तात बुडवल्या, गाडग्यात दाबल्या आणि वर फडकं घट्ट बांधलं. आणून आईच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मी बघितलीय आजी, पुरी हाय."

आईनं दोन्ही तळहात गाडग्याखाली धरले. हात थोडा खालीवर केला. आणि तशीच थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, फार वेळ नाही. मी बाळाचं दुपटं नीट करायला लागले.

"बरं," ती म्हणाली, आणि भावाचा हात धरून निघाली.

वहिनीनं मला नंतर सांगितलं, आईनं सगळं रीतसर केलं. शेवग्याखाली बसून स्वतः खड्डा उकरला, मध्ये दोनदा दम घेतला, कुणाला हात लावू दिला नाही. गाडगं ठेवलं, माती लोटली, दगड ठेवला. अंघोळ केली. फक्त जेवली नाही.

त्यानंतर आई उठली नाही फारशी. माझा सव्वा महिना संपल्यावर मी बाळाला घेऊन भाज्यालाच जाऊन राहिले. तिथंच साहेबाचं पत्र डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाठवून दिलं. तीन ओळींत कळवलं होतं की तुमच्या आईच्या रक्तात वारेतलं ते प्रोटीन स्पष्टपणे सापडलं आहे, नमुना आमच्या कामाला फार उपयोगी पडला, आईंची प्रकृती आता कशी आहे. तिसऱ्या ओळीपाशी मी रडले.

आई अंथरुणातून बघत होती. काय हाय, म्हणाली. मला लपवायचा कंटाळा आला होता. मी सांगितलं, आये, बाईच्या वारेत असतं ना, ते तुझ्या रक्तात सापडलंय. ते तिथं असायला नको होतं.

तिनं आढ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मंजी वार मागं ऱ्हायली म्हनायची."

"तसं नाही गं..."

"तसंच हाय. मी लय जनींची बघितली, मला म्हाईत न्हाई व्हय." आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तिला काही उमगलं नव्हतं, हे उमगलं. वार मागं राहिली की काय होतं ते तिला ठाऊक होतं, आणि किती दिवसांत होतं तेही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या गाडग्यात काय व्हतं?"

मी खाली बघून सांगितलं. कापूस.

"मला वाटलंच. हातात हलकं लागलं. आन वार कुटं हाय?"

मग मी सगळं सांगितलं. पेटी, बर्फ, पॅसेंजर, साहेब, सरकारी नियमाची थाप, सगळं. संपल्यावर एवढंच म्हणाली, "मिळंल का परत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाळाला खांद्याशी धरून मुंबईची गाडी पकडली. कुणी वेड्यात काढेल म्हणून ह्यांनाही सांगितलं नाही. प्रयोगशाळेत साहेब मला बघून गडबडला. बाळासाठी पंखा बंद केला, चहा मागवला. मी काय मागते आहे ते त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो खुर्चीत बसला.

"सिस्टर, तशी ती आता नाही. पंधरा-वीस एकत्र करून त्यांचा लगदा करतो आम्ही. मग गाळायचं, निवळायचं, पुन्हा गाळायचं, असे पुष्कळ दिवस." तो उठला, शीतपेटीतून बोटाच्या पेराएवढी एक बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. तळाला मिठाच्या चिमटीएवढी पांढरी पूड. "त्या महिन्याचं हे एवढं निघालं. तुमचीही यातच आहे." मग थांबून म्हणाला, "अशा दोन आहेत. ही तुम्ही न्या. मी लिहून ठेवतो की फुटली."

बाटली रुमालात बांधून चोळीत ठेवली आणि मी परत निघाले. खंडाळ्याच्या बोगद्यात बाळ रडायला लागलं तेव्हा मला पहिल्यांदा हलकं वाटलं. मिळालं तर होतं. एवढंसं का होईना, आईच्या हातात देता येणार होतं. वाटेत मळवलीला कुंभाराच्या दारात थांबून नवं गाडगंसुद्धा घेतलं.

संध्याकाळ व्हायच्या आत पोचले. आईला टेकवून बसवलं, बाटली तिच्या तळहातावर ठेवली. तिनं सवयीनं हात खालीवर केला.

"ही व्हय?"

"हो."

"येवढीच?"

"पंधरा-वीस जणींची मिळून आहे आये. आपलीही त्यातच."

तिचा हात थांबला. "कुणाकुणाची?"

चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या, मला पाठ होत्या. मी सांगत गेले. कार्ला, देवले, पाटण, औंढे, वाकसई, वरसोली, पुन्हा देवले. ती एकेका गावाला मान हलवत होती. त्यातल्या निम्म्या पोरी तिनंच गाडीत घालून माझ्याकडं पाठवलेल्या. दवाखान्यात जा, भिऊ नको, माझी लेक हाय तितं, असं सांगून.

"त्यांनला इचारलंवतंस?"

मी रुमाल अंथरुणावर पसरत राहिले.

"न्हाई इचारलं," तिनंच उत्तर दिलं. आवाज चढवला नाही. अंगात तेवढी ताकदच नव्हती, पण असती तरी चढवला नसता. बाटली तिनं रुमालावर परत ठेवली. "मग मला न्हाई पुरता यायची ही. दुसऱ्याची वार आपल्या परसात कशी पुरू? त्या पोरांनी कुटं जायचं?"

"आये, तुझ्यासाठी आणलीय. तुला पुरायची होती ना."

"व्हती. लय व्हती." तिचे डोळे भरले. आईला रडताना मी तेवढं एकदाच बघितलं. "पर ही माज्या नातीची एकलीची न्हाई. ज्यांची हाय त्यांनला परत दे."

नवं गाडगं दाराशी तसंच राहिलं. चार दिवसांनी आई गेली. इंद्रायणीच्या काठी नेलं. गावातल्या आणि वाडीवरच्या बायका परसात मिळून बसल्या होत्या, एका ओळीत. नाक मुरडायला कुणी उरलं नव्हतं.

कामावर परतल्यावर पहिली बाळंतीण आली ती पाटणकडची. वार पडली तशी मी तिच्या उशाशी बसले आणि विचारलं. काय असतं, कुठं जातं, कशाला लागतं, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या आईनं काय केलं असतं?" पुरली असती, मी म्हटलं. "मग द्या." मी दिली. त्यानंतर प्रत्येकीला विचारत गेले आणि जवळजवळ प्रत्येकीनं नाही म्हटलं. पेटी रिकामी जायला लागली, मग जायचीच थांबली. साहेबानं एकदा पत्र पाठवून विचारलं. मी लिहिलं, बायका देत नाहीत. त्याच्याविषयी माझ्या मनात काही नाही. तो भला माणूस होता, त्यानं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

बाटली परत द्यायलाही मी निघाले होते. देवल्याला एकीच्या दारात गेले. तिनं ओळखलं, बसा म्हणाली, मुलाला पुढं केलं, याच्याच वेळी तुम्ही होतात ना ताई, पाया पड रे. चहा दिला, लिंबाची चार पानं घालून. मी तो प्यायले, पोराच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बाटली पिशवीतून न काढता उठून आले. दुसऱ्या गावी गेलेच नाही. ती अजून माझ्या कपाटात आहे, रुमालासकट. पूड पिवळी पडली आहे.

निवृत्तीनंतर मी भाज्याच्या घरीच राहते. माझी लेक बारावीनंतर गेली ती गेलीच, आधी पुणे, मग परदेश. दोनतीन वर्षांतून एकदा येते. गोड आहे स्वभावानं, मला औषधं आणते, स्वेटर आणते. पण उतरते लोणावळ्यात हॉटेलात. इथं तिला झोप लागत नाही, म्हणते, आई, मला इथं परक्यासारखं होतं, काय करू. मागच्या दिवाळीतही नातीला माझ्याकडं सोडून ती रिक्षानं हॉटेलात गेली.

मी शिकलेली बाई. आयुष्य दवाखान्यात काढलं, असल्या गोष्टी मानत नाही. तरी तिची रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली की मी मागच्या परसात जाते. शेवगा कधीच वाळून पडला, दगड दोन्ही आहेत. एका दगडाखाली मी आहे. दुसऱ्याखाली कापूस आहे.